भिकू रहाटेचं नाक

रत्नागिरीच्या एमआयडीसीत भिकू रहाटेच्या नाकाची एके काळी एवढी ख्याती होती, की दुसऱ्या कारखान्यांचे शेठ त्याला न्यायला गाडी पाठवायचे. हसू नका. कोळंबी गोठवायची तर थंडावा लागतो, आणि ढिगांनी येणाऱ्या कोळंबीला पुरेल एवढा थंडावा इथे अजून अमोनियावरच चालतो. घरच्या फ्रीजमधल्या गॅसला, म्हणजे फ्रेऑनला, वास नसतो. तो गळून संपला तरी घरातल्या बाईला दूध नासल्यावरच कळतं. अमोनियाचं तसं नाही. जरासा सुटला तरी नाकात झणझणतो, डोळ्यांतून पाणी काढतो. भिकू नव्या ऑपरेटरला पहिल्याच दिवशी सांगायचा, "फ्रेऑन मुका, अमोनिया तोंडाळ. आणि आपल्या धंद्यात तोंडाळच बरा. घात करायच्या आधी बोंब तरी मारतो." ती बोंब वेळेवर कळायला नाक मात्र चांगलं पाहिजे.

भिकूचं होतंच तसं. गेटवर चहा पिता पिता हा मान वर करायचा आणि सांगायचा, दोन नंबरच्या कॉम्प्रेसरचं सील गेलंय. लोक जाऊन बघत तर खरंच गेलेलं. कंडेन्सरच्या पाइपांच्या जंगलात नेमका कुठला नट ढिला आहे, हे तो खालून, जमिनीवर उभा राहून सांगत असे. माणूस तसा लांज्याकडच्या डोंगरातल्या वाडीतला, दहावीला दोनदा आपटलेला. सतराव्या वर्षी मुंबईत बर्फाच्या कारखान्यात लागला, तिशीत परत आला आणि या कोळंबीच्या कंपनीत चिकटला तो आजतागायत. शिमग्याला वाडीत गेला की पोरंटोरं 'नाकवाला काका आला' म्हणत. त्यात निम्मी चेष्टा होती, पण निम्मं कौतुक होतं, आणि भिकूला आयुष्यात मिळालेलं कौतुक म्हणाल तर तेवढंच.

मग ती साथ आली. दुसऱ्या वर्षी भिकूला ताप भरला, आठ दिवसांत उतरलाही. नवव्या दिवशी त्याची बायको मालन चुलीवर सुकट भाजत होती, आणि भिकू बाजूलाच बसून विचारतो, आज कालवण कसलं? मालनला वाटलं नवरा थट्टा करतोय. सुकटीचा वास तीन घरं पलीकडे जातो, आणि याला हाताच्या अंतरावर कळेना? डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिन्यांत येईल परत. दोन-तीन महिने गेले. वर्ष गेलं. वास काही आला नाही.

आता सांगायला काय झालं होतं? कोणी फासावर दिलं असतं? मालनने चारदा सांगितलं, शेठच्या कानावर घाला, दुसरं काम देतील. भिकू चौथ्या वेळी तिच्या अंगावर ओरडला आणि ताट सरकवून उठला. त्याला लाज वाटत होती, दुसरं काही नाही. शिक्षण नाही, इंग्रजी नाही, वाणी नाही. लोक 'भिकूदादा' म्हणतात ते या नाकासाठी. ते गेलं तर आपण कोण? चोपन्न वर्षांचा एक पाना फिरवणारा माणूस, असे रोजावर पन्नास मिळतात. हे तो मालनलासुद्धा बोलला नाही.

त्याने एक युक्ती केली. अमोनिया शोधायची जुनी रीत म्हणजे गंधकाची वात. पेटवून गळतीजवळ नेली की पांढरा धूर होतो. मुंबईत उस्ताद ही वात नवशिक्यांच्या हातात देत, आणि भिकू तेव्हा त्यांना हसायचा. आता तोच भिकू पाळीच्या अर्धा तास आधी कामावर यायला लागला. मशीनरूममध्ये एकटा असताना खिशातली वात पेटवायची, एकेक जोड तपासायचा, पांढरा धूर दिसला की जागा मनात ठेवायची. मग माणसं आली की त्यांच्यादेखत मान वर करायची, दोन श्वास ओढायचे आणि त्या जागेकडे बोट दाखवायचं. लोक वाहवा करत. पहिल्या वेळी त्याला स्वतःची शिसारी आली होती. दहाव्या वेळी नाही आली, आणि याचीच खरी लाज वाटायला हवी होती, असं त्याला पुढे वाटलं.

असं तीन वर्षं चाललं. मग कंपनीत निशिगंधा आली. खेडची मुलगी, इंजिनियर, सुरक्षेचं काम बघायला नेमलेली. तिने भिंतींवर सहा डबे बसवून घेतले. हवेत अमोनिया आला की डब्यावर आकडा चढतो आणि घंटा वाजते. तिचा नियम साधा होता: घंटा वाजली की सगळ्यांनी बाहेर, आणि आकडा शून्यावर आल्याशिवाय कोणी आत जायचं नाही. बिचारीचं नशीब असं, की पहिल्याच पावसाळ्यात दमट हवेने ते डबे सात वेळा उगाच कोकलले. दर वेळी काम बंद, कोळंबीचे ढीग तसेच, आणि मालकांचा मुलगा स्वरूपशेठ डोक्याला हात लावून येरझाऱ्या घालतोय. शेवटी एक पद्धतच पडून गेली. घंटा वाजली की बाया बाहेर यायच्या, भिकूदादा आत जायचा, आणि तो म्हणाला 'काही नाही' की बाया परत आत. आत कोपऱ्यात कोणी नसताना भिकू गुपचूप वात पेटवून बघत असे. सातही वेळा धूर झाला नाही. त्यामुळे डबा खोटारडा आहे, असं त्यालाही मनापासून वाटायला लागलं होतं.

निशिगंधाला ही पद्धत पटली नव्हती. तिने लेखी कळवलं, आणि भिकूला तोंडावरही सांगितलं. उर्मटपणे नाही, हसून सांगितलं. "दादा, तुमचं नाक माझ्या मशीनपेक्षा खरं असेल. पण उद्या तुम्हाला सर्दी झाली तर मी काय करू?" भिकू त्यावर सगळ्यांसमोर मोठ्याने हसला होता. घरी आल्यावर जेवला नाही.

आणि मग नोव्हेंबरमधला तो गुरुवार. दुपारचे साडेतीन. संध्याकाळी कंटेनर निघायचा होता आणि माल बघायला बाहेरचे पाहुणे आले होते. निशिगंधा कामासाठी शहरात गेली होती. घंटा वाजली. गमबूट, टोप्या, हातमोजे अशा थाटात बेचाळीस बाया पॅकिंगच्या हॉलमधून बाहेर येऊन दारापाशी उभ्या राहिल्या. स्वरूपशेठ आला, मागून पाहुणे आले, आणि शेठ भिकूच्या खांद्यावर हात ठेवून पाहुण्यांना सांगायला लागला की आमचं खरं मशीन हे. आणि एवढ्यावर न थांबता तो भिकूबरोबर आत आला. पाहुणेही आले. सगळे भिकूच्या तोंडाकडे बघत उभे.

वात खिशात होती. काडेपेटीही होती. एक शब्द बोलायचा होता, 'थांबा, वात लावून बघतो', बस. कोणी काही म्हटलं नसतं. पण भिकूचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. एवढ्या माणसांत, शेठने एवढं चढवून ठेवल्यावर, नवशिक्यासारखी वात काढायची? डोळे किंचित चुरचुरत होते. फरशी नुकतीच क्लोरिनने धुतली होती, त्याचं असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. शेठ आणि पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले होते, पण कोळंबीच्या हॉलमध्ये ते नेहमीचंच. डब्यावर आकडा अडतीस होता. भिकूने मान वर केली, दोन लांब श्वास घेतले, अगदी नेहमीसारखे, आणि म्हणाला, "काही नाही. डबा ओला झालाय. लागा कामाला."

बाया आत गेल्या. घंटा बंद केली गेली.

हॉलच्या भिंतीपलीकडेच चिलर आहे. लांबलचक लोखंडी पिंप, आत नळ्या. नळ्यांतून पाणी जातं, नळ्यांभोवती अमोनिया असतो, आणि ते गार झालेलं पाणी कोळंबी धुवायला हॉलमध्ये येतं. त्या चिलरच्या एका व्हॉल्वच्या दांड्याभोवतीचं, गॅस अडवणारं पॅकिंग सकाळपासून जरा जरा सुटत होतं. भिकू म्हणाला 'काही नाही', त्यानंतर वीस मिनिटांनी ते फाटलं. पाइप जातो त्या भोकातून पांढरा लोट हॉलच्या कोपऱ्यात आला. तिथल्या टेबलाशी सहा बाया कोळंबी निवडायला बसल्या होत्या. पाच जणी खोकत, ठेचकाळत बाहेर पडल्या. सहावी येसूबाई, साठीला आलेली, मांडवीच्या मागे भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी. ती बाकीच्यांना दाराकडे ढकलता ढकलता मागे राहिली आणि पडली.

भिकूने मास्क चढवला, आत शिरला, मुख्य व्हॉल्व बंद केला आणि येसूबाईला उचलून बाहेर आणलं. हे त्याने केलं, खोटं कशाला सांगू. जिवावर उदार होऊन केलं. पण त्याच्या मनात तेव्हा शौर्यबिर्य काही नव्हतं. हिच्याबरोबर आपणही आतच पडलो असतो तर बरं झालं असतं, एवढाच विचार होता. पाच जणी दुसऱ्या दिवशी घरी गेल्या. येसूबाईला सिव्हिलमध्ये ठेवलं. छातीत गॅस गेला होता आणि दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. दिसेल की नाही, ते डॉक्टर आठवड्याने सांगणार होते.

आता गंमत बघा. कोणाच्याही मनात भिकूबद्दल शंकेचा कणसुद्धा आला नाही. भिकूदादाने तपासलं तेव्हा गळती नव्हती, नंतर सुरू झाली, असं सगळ्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं. बायांनी त्याच्या पाया पडायला सुरुवात केली. तुमच्यामुळे वाचलो, म्हणाल्या. एकीने त्याच्या हातात नारळ ठेवला. भिकू तो घेऊन घरी गेला, आणि मालनने विचारलं तेव्हा नारळाकडे बघत मुका बसून राहिला. दोष मात्र कुठे तरी टाकायला हवाच होता. तो निशिगंधावर गेला. डबे नीट ठेवणं हिचं काम. सात वेळा खोटे वाजले म्हणून आठव्या वेळी कोणी विश्वास ठेवला नाही. म्हणजे चूक हिचीच. तिने आपण पाठवलेली पत्रं दाखवली. ती बाजूला ठेवली गेली.

आठव्या दिवशी, शुक्रवारी, कॅन्टीनमध्ये सभा भरली. एकाच सभेत दोन कामं उरकायची होती: भिकूला शाल-श्रीफळ, आणि निशिगंधाला काढल्याचं पत्र. ती शेवटच्या बाकावर बसली होती. रडत नव्हती, हातातल्या पेनाचं टोपण काढत होती, घालत होती. तिचे वडील खेडहून आले होते आणि बाहेर गेटवर थांबले होते, हे भिकूने आत येताना पाहिलं होतं. म्हातारा माणूस, हातात जेवणाचा डबा. त्यांनी भिकूला ओळखलं नाही, पण कंपनीचा माणूस दिसला म्हणून उठून नमस्कार केला. भिकू तो नमस्कार न घेताच आत शिरला होता.

स्वरूपशेठने त्याच्या अंगावर शाल घातली. टाळ्या झाल्या. दोन शब्द बोला, असा आग्रह झाला. त्याने शाल काढली, घडी केली, टेबलावर ठेवली. मग खाली बघतच बोलला, "मला वास येत नाही. चार वर्षं झाली. त्या दिवशी अमोनिया होता की नव्हता, मला ठाऊकच नव्हतं. डबा खरं सांगत होता. या पोरीची काही चूक नाही."

आणि कोणी विश्वास ठेवला नाही. माणसाने काय करावं सांगा. बाया आपापसात पुटपुटल्या, पोरीची नोकरी वाचवायला बोलतायत, किती मोठं मन. स्वरूपशेठ त्याच्या पाठीवर थोपटून म्हणाला, दादा, भावना समजली, पण असं दुसऱ्याचं आपल्या अंगावर घेऊ नका. चार वर्षं तुम्ही गळत्या काढताय ते आम्ही बघितलंय की. भिकूने वातीचं सांगितलं, खिशातून काढून दाखवली. तरी शेठ हसतच होता. शेवटी भिकू उठला, मागच्या दाराने गेला आणि टाकाऊ मालाच्या पिंपातून थाळीभर कोळंबी घेऊन आला. परवाची होती, उन्हात राहिलेली. तो आत शिरला तसे पुढचे दोन बाक रिकामे झाले. बायांनी तोंडाला पदर लावले. कोळंबीत आयुष्य काढलेल्या बाया, पण त्यांनाही उमासे यायला लागले. स्वरूपशेठ नाक दाबून खिडकीकडे सरकला.

भिकूने थाळी दोन्ही हातांनी धरली आणि त्यात तोंड घातलं. लांब श्वास घेतला. मग परत एक घेतला. कपाळावर आठी नाही, डोळ्यांची उघडझाप नाही. वर बघितलं तेव्हा त्याच्या मिशीला कोळंबीचं पाणी लागलं होतं. "ताजी की शिळी, तेही सांगता येत नाही मला," तो म्हणाला.

लोकांच्या चेहऱ्यावरचा तो मान डोळ्यांदेखत उतरत गेला, आणि त्या जागी जे आलं ते बघायचं धाडस भिकूला झालं नाही. ज्या बाईने नारळ दिला होता ती उठून निघून गेली. निशिगंधाचं पत्र त्या दिवशी दिलं गेलं नाही, आणि पुढेही नाही. शेवटी तीच पुढे आली, त्याच्या हातातली थाळी काढून घेतली आणि बाहेर नेऊन ठेवली.

भिकू तिथून सरळ सिव्हिलला गेला. त्याला वाटलं होतं, सगळ्यांत अवघड ते झालं. आता येसूबाईसमोर उभं राहायचं, ती शिव्या घालेल, घालू दे; थोबाडीत मारेल, मारू दे. निदान मोकळं तरी होऊ.

येसूबाई खाटेवर उशीला टेकून बसली होती. सकाळी पट्ट्या काढून डॉक्टरांनी तपासलं होतं: उजव्या डोळ्याने दिसेल, डाव्याचं काही खरं नाही. परत पट्ट्या बांधल्या होत्या. भिकूने नाव सांगितल्यावर तिने चाचपून त्याला स्टूल दाखवलं, बसा म्हणाली, मोसंबी आहे ती घ्या म्हणाली. भिकू बसला नाही. उभ्याउभ्याच त्याने सगळं सांगितलं, ताप, वात, पाहुणे, खिशाशी थांबलेला हात. काही लपवलं नाही. सांगून झाल्यावर तो शिव्यांची वाट बघत राहिला.

येसूबाईने हळूच विचारलं, "म्हंजे त्या दिवशी वास खरोखरच येत हुता?"

भिकू म्हणाला, हो.

"मला आला हुता," ती म्हणाली. "दारातच आला. पोरी पन बोलत हुत्या, मावशे, वास मारतोय, आत नको जाऊया. मीच त्यांना वरडले. बोलले, भिकूदादाला येत नाय तो वास तुमाला कुठनं आला? हात धरून आत नेलं मी त्यांना." तिचा श्वास लागला, ती थांबली. "आठ दिस मी हितं पडून देवाची माफी मागतेय. म्हटलं, माज्या तोंडानं पाच पोरींचा जीव जात हुता. म्हटलं, डोळे गेले ते बरंच झालं, त्यांना तोंड दाखवायला नको."

भिकू तेव्हा स्टुलावर बसला. आपली लाज आपण चार वर्षं खिशात लपवून ठेवली, असं त्याला वाटत होतं; ती आठ दिवस ही बाई पट्ट्यांच्या आड एकटी भोगत होती, आणि तिला वाटत होतं ती तिचीच आहे. त्याला माफी मागायची होती. येसूबाईने हात पुढे करून त्याचा खांदा शोधला आणि विचारलं, पोरी बऱ्या आहेत ना?

"बऱ्या आहेत," भिकू म्हणाला, आणि तिला दिसत नव्हतं तरी तिच्यासमोर त्याने तोंड झाकून घेतलं.